आधी घर, मग कॅमेरा

१२ जून
कुबात गेला. लिहून टाकलं एकदाचं. दुपारी डोंगरावरून चिखलाचा लोंढा उतरला तेव्हा तो यंत्राने पुलाखालचा गाळ काढत होता. यंत्र सापडलं, आत तो.

मी गावाची प्रमुख, चारचौघांत रडता आलं नाही. माझ्या आईला दूध नव्हतं, म्हणून त्याच्या आईने, सालकिन आपाने, मला नि कुबातला एकदमच अंगावर पाजलं. माझा दूधभाऊ!

आपा वरच्या कुरणावर, मेंढ्यांपाशी. फोन लागत नाही, वरचा रस्ता वाहून गेलाय. उद्या पहाटे अब्दिश आजोबा आणि आणखी दोन म्हातारे घोड्यांवरून निघतील, परवा पोचतील. मरणाची बातमी आमच्यात अशीच जाते — वडीलधारे येतात, चहा घेतात, गवतपाण्याचं बोलतात आणि आईला हळूहळू तिथवर नेतात.

१३ जून
सकाळी आवरताना हात आपसूक सुतकाच्या काळ्या रुमालाकडे गेला. बांधला. तेवढ्यात टीव्हीवाले दारात!

आपाच्या तंबूत टीव्ही आहे. मीच दिलेला, उन्हावर चालणारा. बातमी म्हाताऱ्यांच्या आधी तिच्यापर्यंत पोचली तर!

जिल्ह्याला एकदा आम्हा प्रमुखांना शिकवलं होतं — माहीत आहे तेवढंच बोला, अंदाज नको, थाप तर नकोच. आपलंच माणूस गेलं तर काय करायचं ते नव्हतं शिकवलं. पूल बंद आहे, पाणी उकळून प्या, घर गेलेल्यांनी शाळेत यावं, एवढं सांगितलं. मग नुरझान नावाच्या त्या बातमीदार पोरीने विचारलं, किती गेले?
"एक."
"नाव?"
"माहीत आहे. सांगणार नाही. आधी त्याचं घर, मग कॅमेरा."

तिला नाव बाजारातच कळलं होतं. कॅमेरा बंद झाल्यावर मी हात जोडले, आपाचं सगळं सांगितलं. तिने वहीतलं नाव खोडलं. गुणाची पोर.

जिल्ह्याच्या साहेबांचा फोन. लपवाछपवी केल्यासारखं दिसतं म्हणे. दिसू दे.

१४ जून
म्हातारे आज पोचतील. निदान सकाळचं दूध तरी आपाने सुखाने काढलं असेल.

१५ जून
आपा घोड्यावरून खाली आली. अब्दिश आजोबा म्हणाले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आम्हाला तीनदा चहा दिला. फार खंबीर बाई.

एवढं एक तरी नीट पार पडलं. जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

१६ जून
कुबातला माती दिली.

१७ जून
आपाचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "टीव्हीवर काळा रुमाल बांधून उभी होतीस. तुला भाऊ एकच."
मी विचारलं, मग म्हाताऱ्यांना तसं बोलली का नाहीस?
"एवढ्या लांबून आले होते गं. त्यांना सांगू दिलं."