देवीची उजवी बाजू

३ फेब्रु.
अक्षर वाईट येणार. तसं रोजच येतं.
आत्ता दुबईत असायला पाहिजे होतो. एसी फिटरची नोकरी. तर बसलोय हेंद्रेपाड्यात, आमच्याच किचनमध्ये.
विमान पळायला लागलं तेव्हा शेजारच्याला सांगत होतो, धक्का मारायला उतरावं लागतं कधी कधी. तेवढ्यात नाक डावीकडे. मग उजवीकडे ओढलं कोणीतरी, शेपूट झुलली, परत डावीकडे. खिडकीत रनवे नाय, गवत. थांबलं ते तिरकं. लागलं कोणाला नाय. पण सगळे समोरची सीट घट्ट धरून बसलेले. मी पण.
सकाळी बिल्डिंगने हार घातलेला. संध्याकाळी बॅग घेऊन परत. खालची काकी म्हणते, "रुप्या, मस्करीला पण लिमिट ठेव रे." मागे खोटं लग्न ठरवून सगळ्यांना पेढे खायला बोलावलेलं, त्याचा राग.
आय हसली नाय. तिने टीव्हीवर बघितलेलं.

५ फेब्रु.
उल्हासनगरला विक्कीच्या मोबाईलच्या दुकानात विमान करून दाखवलं. हात पसरून, चाकाच्या खुर्चीवर. पब्लिक लोळली. विक्की : "भाई, तेरा प्लेन भी तेरे जैसा. सीधा चलताच नहीं."
येताना रिक्षावाल्याने खड्डा चुकवायला डावीकडे मारली. मी त्याचा खांदा पकडला. सोडवेना. "क्या हुआ भाई?" "मच्छर था," बोललो.

६ फेब्रु.
एजंटचा फोन. नवीन तिकीट, दहा तारखेचं. नाय गेलो तर नोकरी दुसऱ्याला.
आय : "नाय जावाचा. देवीनं एकदा परत आणलाय तुला."
मी मोठ्याने, जाणार म्हणजे जाणार. आतून फाटलीय. पण हार घालून झालाय ना. राहिलो तर जन्मभर फट्टू.
शेवटी आयच बोलली, गावदेवीला कौल लावू. देवीच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा.
देवीच 'नको जाऊ' बोलली तर मला कोण काय बोलणार?

७ फेब्रु.
दुपारी देवळात कोणी नव्हतं. कौल लावताना नामाकाका भगत पाकळ्या नुसत्या पाण्याने चिकटवतात. खोबरेलावर पाणी धरत नाय. डाव्या खांद्यावर तेलाचं एक बोट फिरवलं.
सॉरी बोललो तिला. मनातल्या मनात.

८ फेब्रु.
कौल झाला.
नामाकाका : "माये, पोर दर्याच्या पल्याड चाललाय. खरा काय ता सांग."
दोन्ही चिकटल्या. आयने डोळे मिटलेले. मग तेलावरची सरकली, पडली. मी तोंड पाडायची तयारी केलेली.
काका : "उजवी दिली."
"डावी ना, काका?"
"तुझी डावी. ती आपल्याकडं तोंड करून बसलीय, येड्या. तिची उजवी."
मी मनातल्या मनात उलटा फिरून बघितलं. बरोबर बोलत होते.
आय पायरीवर डोकं टेकून रडली. मग उठली. "जा. आता मी नाय अडवत."

९ फेब्रु.
आय सुके बोंबील पेपरात बांधतेय, वरून प्लास्टिक, वरून परत पेपर. गुणगुणतेय. बाबा गेल्यापासून अशी कधी बघितली नव्हती.
"आय, ऐक ना."
"बोल."
"…जास्त बांधू नको. वास येईल."
तेलाचं सांगितलं तर हिची देवी पण जाईल आणि मी पण उघडा पडेन. नाय सांगितलं तर उद्या विमानात.
एकच डोक्यात फिरतंय. तेल मी लावलं. पण बाजू माझ्याकडून कोणी चुकवली?

१० फेब्रु.
सीटवरून लिहितोय. बाजूला भिवंडीचे एक चाचा.
"पहली बार?"
"दुसरी. पहली बार में घर गया था."
त्यांना कळलं नाय, तरी हसले. मी हसलो नाय.
वळलं. खिडकीत रनवे. आवाज वाढला. पाठ दाबली जातेय, पेन घसरतंय.
सरळ आहे.
अजून सरळ आहे