तुमचा चार, माझा आठ

अण्णा,

एकोणीसशे चौऱ्याहत्तर, जूनचा दुसरा सोमवार, सकाळचे सव्वादहा. त्या घटकेला तुम्ही मला सायकलवरून उतरवलंत आणि समोर पत्र्याचं छप्पर बघून मी भोकाड पसरलं.

कॉन्व्हेंट सातवीपर्यंतच होतं. पुढे कुठे घालायचं म्हणून तुम्ही नाशिक रोडच्या दोन सरकारी शाळा बघून आलात, स्टेशनाजवळची दुमजली आणि सिन्नर रस्त्यावरची पत्र्याची. प्रेसमध्ये दिवसभर छापील तावांतल्या चुका शोधायचं तुमचं काम. शाळाही तशाच तपासल्यात. नळाला पाणी आहे का, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, वर्गात मुलं प्रश्न विचारतात का. कागदावर दहापैकी गुण मांडलेत: दुमजली ६, पत्र्याची ७. माझ्या सगळ्या मैत्रिणी दुमजलीत निघालेल्या! तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी ते सहा खोडले आणि ठसठशीत 8 लिहिला.

जेवताना तुम्ही चष्मा लावून वाचलंत, "दुमजली, चार."

"अहो, एवढी वाईट आहे?" आई म्हणाली.

"कागदावर आहे ते आहे."

घास माझ्या तोंडातच राहिला. माझा इंग्रजी आठ तुमच्या मराठीत चार होतो, हे कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरची मुलगी विचारते, "ए मिस, एकोणसाठ म्हंजे किती?" मी तोऱ्यात सांगते, "सिक्स्टी नाइन." वर्ग खदाखदा हसतो. "लय भारी! दहा फुकटात वाढवले!" म्हणत ती मला बाकावर जागा करून देते. आजही फोनवर आम्ही दोघी तितक्याच जोरात भांडतो. गणिताच्या बाई अंगणात खुंटी ठोकून, दोरी ताणून धरून आम्हाला तिच्याभोवती पळायला लावायच्या. धापा टाकत थांबलं की पायाखाली वर्तुळ तयार! त्या वर्तुळात मी जी अडकले ती निवृत्त होईपर्यंत गणितच शिकवत राहिले.

परवा तुमची पेटी आवरताना तो कागद सापडला. माझ्या 8भोवती लाल पेन्सिलीचं बारीक वर्तुळ आहे. चुकीच्या तावावर तुम्ही काढायचात, अगदी तसंच. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! सबंध आयुष्य मी समजत आले, मीच तुम्हाला फसवायला जाऊन तोंडघशी पडले. एवढं साळसूद तोंड करून चार म्हणालात? लाज नाही वाटली? मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

हे पत्र त्याच कागदाबरोबर पेटीत राहील. एक कबूल करते: पत्र्याच्या शाळेचे सात मी काल खोडले आणि १० केले. या खेपेला मराठीत. हरकत असेल तर येत्या जूनच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वादहाच्या आत, लेखी कळवा.