हुकूम येईपर्यंत

४ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इकडची बातमी अशी की शेजारच्या कुलूपवाल्यांनी मला लग्नाचं विचारलं. माझ्या शिलाईच्या दुकानाचं शटर अडकत होतं म्हणून तेल घालायला आले, आणि तेल घालता घालताच, माझ्याकडे न बघता, विचारून टाकलं. मी हो म्हणाले. हातातली सुई बोटात गेली, एवढंच काय ते नाटक झालं.

पण खरं सांगते, हो म्हटल्यापासून मला त्यांच्या छोट्या ठकीची काळजी लागलीय. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं ठकीला संस्थेतून घरी आणलं, आणि दत्तकाचं काम पुरं व्हायच्या आतच बायको बिचारी वारली. कोर्टाचा हुकूम अजून यायचाय. घरातलं माणूस गेलं म्हणून एकदा सगळी चौकशी नव्यानं झाली. संस्थेच्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की घरात पुन्हा काही बदललं तर परत पहिल्यापासून, आणि तोवर मुलगी घरी राहीलच असं सांगता येत नाही.

म्हणून मी ठरवलंय, हुकूम येईपर्यंत लग्नाचं कुणाला सांगायचं नाही, त्या घराकडे फिरकायचं नाही आणि ठकीलाही दुकानात येऊ द्यायचं नाही. शाळेतून आली की ती रोज माझ्या कापायच्या टेबलाखाली चिंध्या घेऊन बसते. उद्या कुणी बाईंच्या कानावर घातलं तर? कुलूपवाल्यांना हे पटलं नाही, पण तेही घाबरलेत. माझ्यापायी पोर परत गेली तर मी कुठे तोंड दाखवू? मला तरी आई-बाबांनी तसंच आणलं होतं ना.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, कुलूपवाला साडू मिळाला, आता किल्ल्या हरवायला हरकत नाही. मी आधी हसले आणि मग रडले. चाळिशीला आलीस, आम्ही आशा सोडून दिली होती बाई.

पण तुझा बेत काही मला नीट वाटत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे कबूल, पण तू तर ताकाचं भांडंच फडताळात लपवतेस. मोठी माणसं फसतील, पोरं फसत नाहीत. ठकीला तुम्ही काय सांगितलंत ते तू लिहिलंच नाहीस. सांगितलंय ना कुणीतरी? उलट टपाली कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

प्रकृतीला जप. आमचा लोभ तुला माहीतच आहे.

तुझी,
ताई

१९ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

ठकीला काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर बाईंसमोर बोलून जाईल ही भीती. पहिले काही दिवस ती दुकानाशी येऊन उभी राहायची. मी आतून कडी लावून मशीन जोरात चालवायची. ती हाक मारत नव्हती की दार वाजवत नव्हती, नुसती उभी राहायची आणि मग निघून जायची. माझे टाके वाकडे पडत होते.

काल आली नाही. आज सकाळी पायरीवर मी तिला शिवून दिलेला निळा फ्रॉक ठेवलेला होता, धुतलेला, घडी घातलेला, सगळी बटणं लावलेली. माझ्यावर रागावली असणार. रागावली तर बरंच, राग ओसरतो.

घरी मात्र फार शहाण्यासारखी वागते म्हणे. ताटलीतलं सगळं संपवते, ताटली आपली आपण घासते, विचारल्याशिवाय बोलत नाही. गाणी म्हणणंही बंद झालंय. कुलूपवाल्यांना वाटतं, बाईंवर चांगली छाप पडेल. बाई पुढच्या शुक्रवारी येणार आहेत.

तू मनातून रागावली असलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
धाकटी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तारीख घालायलाही वेळ नाही. हे पत्र टपालात टाकत नाही, तुझे भाऊजी स्वतः गाडीनं घेऊन निघालेत.

ठकी रागावलेली नाही गं. रागावलेलं पोर फ्रॉक फेकून देतं, धुऊन बटणं लावत नाही. ती निघायची तयारी करतेय.

तुला आठवत नसेल, तू तिच्याहून लहान होतीस. आई ऑपरेशनला इस्पितळात गेली तेव्हा तू घाबरशील म्हणून तुला कुणी सांगितलं नाही. तूही अशीच शहाणी झालीस. शेजारीपाजारी कौतुक करत होते. एका सकाळी बघतो तर दाराशी तुझे नवे बूट, कंगवा, स्वेटर ओळीनं मांडलेले. बाबांनी विचारलं, तर म्हणालीस की मला परत न्यायला येतील तेव्हा तुमच्या वस्तू चुकून माझ्याबरोबर जायला नकोत. बाबा होते तिथेच खाली बसले. मग तुला कडेवर घेऊन थेट आईच्या खाटेपाशी नेलं. मुलांना आत सोडत नव्हते, पण त्या दिवशी बाबांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

चौकशी पुन्हा व्हायची तर होऊ दे. हातातलं काम टाक आणि जा.

ताई

२८ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी पोचले तेव्हा बाई शेजारी कुलूपवाल्यांकडे आलेल्या होत्या. पत्र वाचलं आणि मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन मी धावले. ठकी बाकावर बसली होती. पायात बूट, मांडीवर संस्थेतून येताना आणलेली पिशवी. किती शिस्तीची मुलगी, असं बाई म्हणत होत्या. कुलूपवाले चहा गाळत होते, त्यांनी पिशवी बघितलीच नव्हती.

मी सगळं बोलून टाकलं. लग्न ठरलंय, ते लपवलंय, आणि लपवायची अक्कल माझी. मग ठकीपुढे खाली बसून सांगितलं की मी तिला सोडून गेले नव्हते, घाबरून लपले होते, आणि मलाही लहानपणी असंच एका घरात आणलेलं आहे. कुलूपवाले चहा तसाच टाकून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मग बाई म्हणाल्या की लपवल्याचं वर कळवावं लागेल. चौकशी पुन्हा होईल आणि या वेळी माझीही होईल, मी कशी राहते, कशी वागते, या घरात ठेवण्याजोगी आहे का. तोवर ठकी इथेच राहावी असा प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही.

ताई, मी गळ्यातली टेप बोटांना गुंडाळत राहिले. सगळ्यातून ठकीला एवढंच कळलं की आता मलाही तपासणार आहेत. तिनं पिशवी बाजूला सरकवली, मला ओढून शेजारी बसवलं आणि कानात सांगितलं की घाबरायचं नाही, ताठ बसायचं, विचारतील तेवढंच बोलायचं आणि रडायचं तर मुळीच नाही, रडणाऱ्यांना ठेवून घेत नाहीत. मी ताठ बसले, पण रडू काही आवरेना. तेव्हा तिनं आपल्या बाहीनं माझं तोंड पुसलं आणि बाईंना सांगितलं की ही नेहमी अशी नसते.

निकाल कधी लागेल ते कळलं नाही. लोभ आता तिघांना पुरवावा लागेल.

तुझी,
धाकटी