चार फुटांची भिंत

११ जानेवारी १९३८

फाटली! शाळेतल्या मदरनी निरोपाच्या दिवशी दिलेली शाल. इतकी वर्षं जपली आणि आज शेजारच्या कुंपणाच्या वईत अडकून टर्रकन फाटली. वई कसली — बोरीबाभळीचा डोंगर! पुरुषभर उंच, बुंधे आत आणि काटे सगळे बाहेर. म्हणजे घरच्यांना बुंधे आणि वाटेनं जाणाऱ्याला काटे.

शेजारच्या फुलाबाईला बोलले. ती पदर सावरून आत गेली. तिची सासू मात्र ओट्यावरून म्हणते, "मडम, काट्याला काय ठावं शाल कुनाची? तुमी वाईच रस्त्याच्या मधनं चालावं की."

ही बाळाबाई. सत्तरी उलटलेली, कमरेत वाकून पोरीएवढी राहिलेली. जीभ तेवढी ताठ. तीस वर्षं शाळेत मुली शिकवल्या मी; रस्त्यानं कसं चालावं हे मला आजवर कोणी शिकवलं नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारी तिळगूळ पाठवला नाही. त्यांचा आला, तोही परत केला.

कचेरीबाहेर गावठाण कमिटीचे नवे नियम डकवलेत. उभं राहून सगळे वाचले. कलम सातवं — वस्तीतलं कुंपण चार फुटांहून उंच नसावं. काटेरी नसावं. दगडचुन्याची भिंत घातल्यास माथा सपाट व गुळगुळीत असावा.

देव आहे!

१५ जानेवारी

अर्ज दिला. खाली नाव नाही, नुसतं 'एक रहिवासी'. नियम नियम असतो. त्याला नाव कशाला लागतं?

२६ जानेवारी

नोटीस निघाली. घर बाळाबाईच्या नावावर, म्हणून तिला. आणि ती कागद घेऊन वाचून घ्यायला आली कुणाकडे, तर माझ्याकडे! सबंध वाचून दाखवली. आवाज बदलू दिला नाही.

ऐकून घेतलं तिनं. मग विचारते, "ह्यात वाघराचं काय लिवलंय?"

"वाघराचं काही नाही."

"मंग त्याला नोटीस कोन देनार?"

म्हणे ओढ्याच्या अंगानं डोंगरातून बिबळ्या उतरतो. म्हणे घरात दोघी बायका, पुरुषमाणूस नाही, काट्यांचाच आधार. मी म्हटलं, मला इथं येऊन सहा वर्षं झाली, मला कसा कधी दिसला नाही?

"काटं हायेत म्हनून न्हाई दिसला."

यांच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार! शेवटी मीच म्हटलं, काटे काढा, भिंत मी घालून देते. दोन्ही घरांच्या कडेनं, एक सलग. तिला बोलायला जागाच ठेवली नाही.

९ फेब्रुवारी

भिंत पुरी झाली. सोनबा गवंडी विचारत होता, "बाई, माथ्यावर काचा बशीवतो, चुना वला हाय तवर." नियमात बसत नाही, म्हटलं. फीत लावून मोजली. बरोब्बर चार फूट. माथा कसा पाटासारखा! आता अंगणातून थेट डोंगर दिसतो.

१० फेब्रुवारी

संताप, संताप! सकाळी पाहते तो ओल्या माथ्यावर पावलं उमटलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ओळीत, सावकाश फेरी मारल्यासारखी. शेजारचं कुत्रं, दुसरं कोण? माझ्या तळहाताएवढं गोल पाऊल आणि नखं कुठं उमटलेली नाहीत. मोठ्या घरचं, नखं कापलेलं कुत्रं असावं तसं!

फुलाबाईला हाक मारून सांगितलं, कुत्रं बांधून ठेवा. तर म्हणते, "परवाधरनं घरीच न्हाई ते. आमीच हुडकतोय."

बहाणे.

१२ फेब्रुवारी

माथा दुरुस्त करायला सोनबाला बोलावलं. तो थापी हातात घेऊन नुसता उभा. मग खाली बसला.

"बाई, कुत्र्याची नखं उमटत्यात. त्याला ती आत घेता येत न्हाईत. ह्यो घेतो."

"ह्यो कोण?"

त्यानं डोंगराकडे पाहिलं. म्हणाला, भिंत त्याला लई सोयीची झाली. बसायला ऐसपैस, आणि दोन्ही अंगणं दिसतात.

फुलाबाईचं कुत्रं काही आलं नाही.

१३ फेब्रुवारी

कचेरीत गेले. भिंतीवर काटे लावायची परवानगी हवी, म्हटलं. कारकून म्हणाला, घरमालकिणीचा अर्ज आणा. कमिटी एक मार्चला बसेल. मग आपणहून जुना कागद काढून दाखवतो — "हा बघा अर्ज, बाई. नाव नाही, पण अक्षर? छापल्यासारखं!"

मी पाहिलं. छान आहे म्हटलं.

घरी येऊन बाळाबाईच्या नावानं अर्ज लिहिला. तिनं अंगठा दिला. परवानगीवाचूनच काटे टाकावेत असं एकदा मनात आलं. पण नियम मोडायचा, मी? पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

१५ फेब्रुवारी

म्हातारी भल्या पहाटे परसाकडे जाते. ओढ्याच्या अंगाला, भिंतीच्या कडेकडेनं, अंधारात. घरातच भांडं ठेवा म्हटलं, तर म्हणते, "घरात? शी! म्या काय दुखन्यायीत हाय व्हय?" फुलाबाईनं सोबत गेलेलंही चालत नाही. लाज वाटते म्हणे!

शेवटी असं ठरलं. पाचला मला जाग येतेच, शाळेतल्या सिस्टरनी लावलेली सवय. कंदील घेऊन मी भिंतीशी जायचं, रॉकेलचा रिकामा डबा बडवायचा, आणि हाक मारायची. मग तिनं बाहेर पडायचं. ती परत येईपर्यंत डबा चालू.

"बाळाबाई, या!"

"आले वं मडम!"

१९ फेब्रुवारी

चौथा दिवस. परतताना ओरडून सांगते, "झालं! जावा, निजा." साऱ्या आळीला कळवते मेली. आज म्हणाली, "देवळातली घंटा चुकंल, पर मडम चुकायची न्हाई."

हसू आलं. शाळा सोडल्यापासून माझी कोणी अशी वाट पाहिली नव्हती.

२३ फेब्रुवारी

वरच्या आळीतली शेळी नेली. दावं तेवढं राहिलं.

२४ फेब्रुवारी

माथ्यावर नवी खूण नाही. पण चुना आता वाळला. खूण उमटणार कशी?

२६ फेब्रुवारी

विहिरीवर गेले होते. आठदहा बायका. मी गेल्याबरोबर बोलणं थांबलं. आणि बाळाबाई मध्ये बसून, काठीवर हनुवटी टेकून —

"या मडम! तुमचीच गोष्ट चाललीया. कचेरीतला शिपाई म्हनत व्हता, काटं काडायच्या अर्जाचं आन माज्या अर्जाचं अक्षर येकच हाय."



"शिकल्याली बाई. आदी काटं काडाया अर्ज, मंग काटं लावाया अर्ज! आन आता रोज पहाटं डबा बडवती. पाप झाडती जनू!"

हसल्या सगळ्या. फुलाबाईसुद्धा, पदराआड.

घागर तिथंच ठेवून आले. अक्षर बिघडतंय. बिघडू दे! भिंत कुणी घालून दिली? थंडीत कोण उभं राहतं? आणि चारचौघींत हे!

उद्या हाक मारणार नाही. एक दिवस कळू दे तिला.

२७ फेब्रुवारी

पाचला जाग आली. उठले नाही. कंदील लावला नाही.

भिंतीपलीकडून तिनंच हाक मारली — "मडम, उठला का?"

जरा वेळानं — "रागावला व्हय? म्हातारीच्या बोलन्याचं काय घेऊन बसलाय!"

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

तिसरी हाक आली नाही.

उजाडल्यावर फुलाबाई सासूला शोधत आली. म्हातारी कुठं नव्हती. काठी तेवढी माझ्या अंगणात पडली होती. भिंतीच्या अलीकडे.