माधवरावांच्या हिरव्या टाइल्स

१७ ऑगस्ट
आज ठरलं. न्हाणीघरातल्या त्या हिरव्या टाइल्स दिवाळीच्या आत झाकायच्या. अशा झाकायच्या, की खुद्द माधवराव ओव्हरसियरांना भिंग घेऊन बसवलं तरी सापडू नयेत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. शेजारी माधवरावांनी बंगला बांधला तेव्हा उरलेल्या टाइल्स त्यांनी आमच्याकडे पाठवल्या. मी नेमका गावाला. सौ.ने त्या घेतल्या आणि लावूनही टाकल्या. तेव्हापासून हा गृहस्थ रस्त्यात गाठून विचारतो, काय दिगंबरपंत, पाणी येतंय ना? पाणी! कुठे येतं पाणी? न्हाणीघरात. तिथे काय आहे? खोच कळते मला. सौ. म्हणते, ते नळखात्यातले, सगळ्या आळीलाच विचारतात. सौ. भोळी आहे.

यंदा आमच्या लेकीचा, पद्मजाचा, पहिला दिवाळसण. जावई पुण्याचे, वकील. माधवराव फराळाला येणार आणि चारचौघांत सांगणार, की ह्या टाइल्स आमच्या. मी जावयासमोर उष्ट्या टाइल्सचा धनी! ते होऊ देणार नाही. उलट त्यांनाच न्हाणीघरात नेऊन कोरी भिंत दाखवायची आणि त्यांचं पडलेलं तोंड डोळे भरून बघायचं.

१९ ऑगस्ट
उखडूनच काढणार होतो. सौ.ने अडवलं. भिंतीच्या पलीकडे देवघर आहे, देवांच्या पाठीत छिन्नी-हातोडा चालू देणार नाही म्हणाली. ठीक. उखडणं म्हणजे नुसतं ठार मारणं. झाकणं म्हणजे जिवंत गाडणं. हेच बरं.

२५ ऑगस्ट
पुण्याहून पांढरा ऑइल पेंट आणला. स्वतः लावला. माणूस लावला की बातमी फुटते. उद्यापर्यंत वाळेल.

२६ ऑगस्ट
परवापर्यंत वाळेल.

४ सप्टेंबर
लोणावळ्यात या दिवसांत धोतर वाळत नाही, पेंट कसा वाळणार, असं सौ. आज म्हणाली. हे आधी सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं. पण जोर देऊन नाही.) पाठीला पांढरा पट्टा लागला तो सदऱ्यातून कोटाला आला. रेल्वेच्या आमच्या गुड्स ऑफिसात सगळे फिदीफिदी हसले. हेही माधवरावांकडून वसूल करायचं आहे.

११ सप्टेंबर
पेंटचे पापुद्रे निघाले. खालच्या टाइल्स घासल्यागत पहिल्यापेक्षा चकचकीत. बाजारात माधवराव आडवे आले. पाणी येतंय ना? मी उत्तरच दिलं नाही. चांगलं झोंबलं असणार. जाताना त्यांनी हसून हात केला, पण ते वरवरचं.

२७ सप्टेंबर
नवा बेत. कामशेतच्या बाजारातून मेणकापड आणलं. गुलाबाची नक्षी. कणकेची खळ करून चिकटवलं. पेंट ही मुळात चूकच होती, मेणकापडाला पाण्याचं भय नाही. आज झोप लागणार.

३ ऑक्टोबर
झुरळांना खळ आवडते. शिवाय बंबाची वाफ लागून सगळं कापड गुलाबांसकट सौ.च्या डोक्यावर आलं, ऐन आंघोळीत. सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. निवांत विचार करता आला.

१२ ऑक्टोबर
कुरवंड्याचा गेणू गवंडी आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "लय गुळगुळीत हाय ही. छिन्नीनं टाचं मारल्याबिगार चुना धरायचा न्हाई." सौ. दारातच उभी होती. टाचे नाहीत. मग गेणू डोकं खाजवून म्हणाला, "मंग गूळ घालू चुन्यात. आमच्या आज्यानं गूळ घालूनशान पूल बांदलाय, हत्ती गेला तरी हालत न्हाई." कुठला पूल ते त्याला आठवेना, पण आवाजात खात्री होती. मला अशीच माणसं आवडतात.

गेणू विडी ओढायला गेला तेव्हा मी अनारशांसाठी आणलेली अख्खी ढेप फोडून चुन्यात घातली. सूड काय, निम्म्या गुळावर घेतात?

२२ ऑक्टोबर
गिलावा झाला. पांढराशुभ्र! हिरवा ठिपका दिसत नाही. हात लावला तर किंचित चिकटतो. गेणू म्हणतो, "थंडी पडली की धरंल." अनारशांचा गूळ कुठे गेला म्हणून सौ. घरभर शोधते आहे. मीही शोधू लागलो.

२ नोव्हेंबर
मुंग्या. देवघरातून निघून भिंत चढतात. सौ.ला गुळाचा पत्ता लागला. ती जे बोलली ते लिहीत नाही. मुंग्यांवर हळद टाकली. भिंत पिवळी झाली आहे, पण सणासुदीला शोभून दिसते.

८ नोव्हेंबर
स्वतः जाऊन माधवरावांना फराळाचं आमंत्रण दिलं. आनंदाने येतो म्हणाले. बिचारा. आरशासमोर वाक्य बसवतो आहे : "माधवराव, जरा आमचं न्हाणीघर बघायला चला." पहिल्या खेपेला 'बघायला'वर दात दिसले. उद्या पुन्हा.

१३ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी. दुपार.
पहाटे जावईबापू तेल-उटणं लावून पाटावर बसले. बंब फुलला होता. मीही तेल लावून नंबर धरून उभा. रीतीप्रमाणे पद्मजाने अंगणात फटाका लावला. धडाम्! आणि अख्खा गिलावा एकदम, सबंध, भिंतीवरून घसरून खाली बसला. निम्मा घंगाळात, निम्मा जावईबापूंवर. तेलावर चुना, चुन्यावर गूळ, गुळावर मुंग्या. मागे भिंत हिरवीगार.

जावईबापू ओरडले. सौ. रडायला लागली. उजाडत आलं होतं. उजाडायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरक ठरलेला, आणि तो जावयाला पहिल्याच दिवाळीत, आमच्या घरून! तेवढ्यात आवाज ऐकून माधवराव धावत आले. काही विचारलं नाही. जावईबापूंचा हात धरला, म्हणाले, "आमचा बंब तापलाय, चला. दिगंबरपंत, तुम्हीही." गेलो. तेलकट अंगाने, पंचा गुंडाळून, शत्रूच्या घरी.

जावईबापूंनंतर मी बसलो. माधवरावांनी स्वतः माझ्या पाठीला उटणं चोळलं. मी दातओठ खाऊन वाट बघत होतो, आता टाइल्स काढणार, आता काढणार. ते पाणी फार कढत नाही ना, एवढंच विचारत राहिले. शेवटी मीच म्हणालो, आमच्या टाइल्स पाहिल्यात ना? म्हणाले, "हो, छान आहे हो तो हिरवा रंग. कुठून आणल्यात?"

मी वळून त्यांचं तोंड पाहिलं. नाटक नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं!

हे मला सहन होईना. मी इतकी वर्षं यांच्यावर जळतो आहे आणि यांना पत्ता नाही? मी सगळं सांगितलं. बंगल्याच्या उरलेल्या, हातगाडीवरून आल्या, एकीचा कोपरा फुटलेला होता. ते नाही नाही म्हणत होते. मी पटवून दिलं.

फराळाला ते आले. चकली मोडत हौसेने सगळ्यांना म्हणाले, "गंमत ऐका, त्या न्हाणीघरातल्या टाइल्स म्हणे मीच दिल्यात! मी पार विसरलो होतो. दिगंबरपंतांनीच आठवण करून दिली." जावईबापू खो खो हसले. सौ.ने माधवरावांना आणखी चकल्या वाढल्या.

आता मात्र ते कधी विसरणार नाहीत. मी फार नीट समजावून सांगितलं आहे.