सारजाची डायलिसिसची पाळी

४ फेब्रुवारी
सारजाचं डायलिसिस सरकारी दवाखान्यातून काढून नव्या प्रायव्हेट सेंटरला न्यायचं ठरवलं. सरकारी म्हणजे नुसती रांग आणि खेकसणं. कॉम्पिटिशनशिवाय सर्व्हिस सुधारत नाय, हे वाळूजला सेल्समध्ये अर्धी हयात घालवून शिकलोय. सारजा म्हणाली, तिथल्या उजमा सिस्टर लई जीव लावतात, राहू द्या की. तिला मार्केट कळत नाय.

६ फेब्रुवारी
सरकारी पाळी सोडली. उजमा सिस्टरनं बजावलं, काका, एकदा सोडली की वेटिंगला शेवटी लागाल. म्हटलं, परत येतंय कोण? सारजा तिचा हात सोडेना. उगीच सीन.

१० फेब्रुवारी
सेंटरला एसी, टीव्ही. रिसेप्शनची पोरगी मला सर म्हणते. मॉर्निंग वॉकला शेजारच्या कमरोद्दीनला समजावलं, सरकारी दवाखाने सगळे विकून टाकले पाहिजेत. त्याची बायको वहिदा सरकारीतच डायलिसिस घेते. म्हणाला, भाई, तुमचं तुम्ही बघा, आमचं तिथंच बरं हाय. माणूस चांगला, व्हिजन नाय.

२ एप्रिल
सेंटरचा फोन. पेशंट कमी, परवडत नाय, उद्यापासून बंद. याला मार्केट करेक्शन म्हणतात. दुसरं कुणीतरी उघडेलच.

६ एप्रिल
बाकीची प्रायव्हेट सेंटरं फुल. म्हणजे डिमांड आहे! सरकारीत विचारलं, वेटिंग. मी काय वेगळं सांगत होतो? सारजाच्या पायांना सूज. दोन-तीन दिवसांत होईल सोय.

९ एप्रिल, सकाळ
सारजाला आडवं होता येईना. बसूनच श्वास घेते. मी धीर देत होतो, तेवढ्यात कमरोद्दीन रिक्षा घेऊन दारात. मला एक शब्द विचारला नाय. वहिनी, चला, म्हणाला.

९ एप्रिल, दुपार
सरकारी दवाखाना. इमर्जन्सी म्हणून सारजाला लगेच मशीन दिलं. त्यावर आज वहिदाभाभींची पाळी होती. त्या बाहेर बसल्यात.

डॉक्टरनं चिडून विचारलं, डायलिसिस चुकवलं कुणी? मी सेंटरचं सगळं नीट एक्सप्लेन करणार होतो. त्याआधी सारजाच म्हणाली, मीच कंटाळले होते साहेब. हे चल म्हणायचे, मी येत नव्हते.

डॉक्टर तिला लई बोलले. स्वतःच्या जिवाची किंमत नाय का, म्हणाले. तिला बोलायला दम पुरत नव्हता, नुसती मान हलवत होती. व्हय, व्हय.

मी शेजारीच उभा होतो.