दगडांखालचा बर्फ

केलाँग, लाहौल

हेमलता मधुसूदन घरत, हिस सप्रेम नमस्कार.

तू हयात नाहीस, तरीही हे कळवणे मी कर्तव्य समजतो.

दहाव्याला उरणच्या खाडीवर कावळा पिंडाला शिवेना. सगुणाआत्या ओरडली, "मधू, तिच्या दगडांचं बोल ना रं कायतरी! शिकलास म्हनून मुका झालास काय?" तू अभ्यासलेल्या दगडी हिमनदीची यंदाची नोंद मी घेईन, असे मोठ्याने म्हणालो. कावळा आला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. परंतु शब्द दिला होता.

काल वर गेलो. शेजारची उघडी हिमनदी आणखी आक्रसली आहे. तुझ्या हिमनदीत मात्र कड्यावरून कोसळलेला बर्फ दगडांखाली गाडला जातो, वितळलेले पाणी फटींतून झिरपून आतल्या थंडीत पुन्हा गोठते. दगडांखालचा बर्फ टिकतो, हे तुझे अनुमान बरोबर होते. बर्फाची पातळी मोजण्यासाठी तू रोवलेल्या गजावरची तांबडी खूण आता बर्फाखाली गेली आहे. ते तुला सांगण्यासाठी मी सवयीने मागे वळलो, एवढेच.

प्रकृती ठीक आहे. औषधे घेतो. जेवण बरे असते. मासळीची मात्र आठवण येते.

तुझा,
मधुसूदन

ता. क. तुझी येथील भाड्याची खोली रिकामी केली. दाराला कुलूप लावले आणि चाव्या घरमालकिणीस परत दिल्या.